लिफ्ट अडकलेली, तक्रार बंद

अंधेरीच्या एमआयडीसीत, एका लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागात मी बरीच वर्षं फोन उचलायचं काम केलं. लिफ्ट बंद पडली की लोक आधी ओरडायचे आणि मग पत्ता सांगायचे. कुणी मुलुंडहून, कुणी बोरीवलीहून, कुणी मानखुर्दहून. ओरडणाऱ्या माणसाला शांत करत त्याच्याकडून बिल्डिंग, विंग, मजला काढून घ्यायचा, एवढंच काम. संध्याकाळी घरी गेल्यावर कान बधिर झालेले असायचे, पण त्या आरडाओरड्याची मला कधी भीती वाटली नाही. ओरडणारा माणूस बहुतेक वेळा ठीक असतो.

मग कंपनीने एकेका लिफ्टला एक छोटा काळा डबा बसवायला घेतला. डब्यात मोबाइलसारखंच सिम. लिफ्ट कुठल्या मजल्यावर आहे, दार उघडं आहे की बंद, आत किती वजन आहे, मोटर किती तापली आहे, हे सगळं तो डबा सतत आमच्याकडे पाठवणार. आमच्या खोलीत भिंतभर स्क्रीन लागला. त्यावर उपनगरांचा नकाशा, नकाशावर ठिपके. हिरवा ठिपका म्हणजे सगळं ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे लिफ्ट अडकली. लाल झालं की तक्रार आपोआप नोंदली जाणार, जवळच्या टेक्निशियनच्या मोबाइलवर काम आपोआप जाणार आणि लिफ्टमधल्या स्पीकरची लाइन आमच्या हेडफोनमध्ये आपोआप उघडणार.

काचेपलीकडे आणखी टीम बसायला लागल्या. त्यांच्याही भिंतींवर तसेच नकाशे. एक टीम आइस्क्रीम आणि मासळी नेणाऱ्या थंड ट्रकांवर नजर ठेवायची, एक टीम हॉस्पिटलांच्या जनरेटरवर, एक सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपांवर. आमचे सर, म्हणजे माझ्याहून वयाने लहान असलेले आमचे सुपरवायझर, नव्या लोकांना कौतुकाने फिरवून दाखवायचे. सांगायचे की आता वस्तूच बोलतात, माणसाने विचारायची गरज उरली नाही.

फोन वाजायचे कमी झाले, मग जवळजवळ थांबलेच. खुर्च्याही रिकाम्या होत गेल्या. एकीला सेल्समध्ये पाठवलं, एकाने स्वतःच सोडलं, कुणाचं काँट्रॅक्ट पुढे वाढलंच नाही. शेवटी आमच्या पाळीत मी आणि घाटकोपरची माझी एक मैत्रीण, अशा दोघीच राहिलो. एसीचा आवाज तेवढा ऐकू यायचा. जिथे आम्ही एकमेकींशी बोलायलासुद्धा ओरडायचो त्या खोलीत आता मैत्रिणीने चॉकलेटचा कागद काढला तरी मी दचकायचे. पुढची खुर्ची आपलीच, हे दोघींच्या मनात होतं. बोलून कुणीच दाखवलं नाही.

मी भांडुपला राहते. आमची जुनी चाळ पाडून तिथे टॉवर झाला आणि आम्ही नवव्या मजल्यावर गेलो. घरात मी, नवरा आणि माझे वडील. बाबा मालवणकडचे. गिरणी बंद पडेपर्यंत गिरणीत होते, मग जवळच्याच एका कारखान्यात स्टोअर सांभाळलं. आई गेल्यावर ते आमच्याकडे आले ते कायमचेच. हल्ली त्यांचं विसरणं वाढलं होतं. जेवण झाल्यावर तासाभरात विचारायचे, आज जेवण नाही का? चष्मा डोळ्यांवर असताना चष्मा शोधायचे. डॉक्टर म्हणाले होते, वयाचं आहे, एकदम काही होत नाही, पण एकटं फार सोडू नका. आम्ही दोघंही नोकरी करणारे. त्यांना सोडण्यावाचून इलाज नव्हता.

बिल्डिंगमधली लिफ्ट आमच्याच कंपनीची होती. बाबांना ती पटायची नाही, कारण ती बोलायची. "तळमजला" असं बाईच्या आवाजात म्हटली की ते छताकडे बघायचे. मी त्यांना सगळं नीट समजावलं होतं. घंटेचं चित्र असलेलं पिवळं बटण दाखवलं. लिफ्ट थांबली तर हे दाबा, माझ्या ऑफिसातलं कुणीतरी तुमच्याशी बोलेल. रोज दुपारी ते खाली बागेत जाऊन बसायचे. त्यांच्या वयाचे आणखी दोघं-तिघं यायचे तिथे. घरात कोंडून ठेवण्यापेक्षा हे बरं, असं आम्हाला वाटायचं.

एका दुपारी मी डबा खाऊन नुकतीच जागेवर बसले होते. नकाशावर भांडुपमध्ये एक ठिपका लाल झाला. मी खुर्ची पुढे ओढली आणि नाव वाचलं. आमचीच बिल्डिंग, आमचीच विंग. वजनाच्या रकान्यात एकाच माणसाचा भार होता. त्या विंगेत कितीतरी लोक राहतात, तरी मला तेव्हाच कळलं. हेडफोनमध्ये लाइन उघडली. ठरलेली वाक्यं तोंडातून आपोआप बाहेर पडली, नमस्कार, मी कंट्रोल रूममधून बोलतेय, आपण सुरक्षित आहात.

पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास. मग आवाज आला, "बाय?"

आमच्याकडे मुलीला लाडाने बाय म्हणतात. मला तसं म्हणणारं आता एकच माणूस उरलंय.

"बाबा, मीच आहे. खाली बसा. दाराला अजिबात हात लावू नका. माणूस येतोय."

"हय काळोख झालो. तू खंय आसस?"

"मी इथेच आहे, बाबा," मी म्हटलं.

तेवढ्यात लाइन तुटली. मी मान वर केली तर ठिपका हिरवा झाला होता. खाली ओळी आल्या. लिफ्ट पूर्ववत. तळमजला. दार उघडं. भार शून्य. तक्रार बंद.

माझा जीव भांड्यात पडला. बाबा बाहेर आले, बागेत गेले असतील. मैत्रिणीला म्हटलंसुद्धा, अगं, माझे बाबाच होते, सुटले. तिने हसून पाण्याची बाटली पुढे केली. एक घोट घेतला आणि बाटली खाली ठेवली. भार एका क्षणात शून्य कसा झाला? गुडघे धरून चालणारा म्हातारा माणूस अंधारात खाली बसणार, उठणार, बाहेर पडणार, त्याला वेळ लागतो. आणि लिफ्ट खाली येताना मजले मोजते. ते मजले स्क्रीनवर दिसलेच नव्हते.

मी बिल्डिंगच्या वॉचमनला फोन लावला. तो माझ्या ओळखीचा होता. आजोबा बाहेर आले का, असं विचारलं. तो म्हणाला, कुणीच आलेलं नाही. लिफ्टच्या दारावर तळमजला दाखवतंय, पण दार बंद आहे, बटण दाबून काही होत नाही. त्याने दारावर थाप मारली, ती मला फोनवर ऐकू आली. फटीतून डोकावून बघितलं तर आत पोकळी, लिफ्ट नाहीच, असं तो म्हणाला.

लिफ्ट कुठेतरी वर लटकलेली होती, बाबा आत होते, आणि आमच्या भिंतीवर ती लिफ्ट रिकामी, उघडी, ठणठणीत उभी होती.

टेक्निशियनला फोन केला. तो भांडुप स्टेशनच्या बाजूने निघालाच होता, पण मधेच मोबाइलवर काम रद्द झाल्याचं आलं आणि लगेच घाटकोपरचं दुसरं काम आलं, म्हणून त्याने बाइक वळवली होती. तो समजुतीने सांगायला लागला की मॅडम, तुमचीच सिस्टम म्हणतेय काम नाही, मी तिकडे गेलो तर इथली वेळ चुकेल.

"आत माझे वडील आहेत," मी म्हटलं.

तो म्हणाला, वळतो.

सर तोपर्यंत माझ्यामागे येऊन उभे होते. त्यांनी वाकून स्क्रीन बघितला.

"सिस्टम तर क्लिअर दाखवतेय गं."

"सर, आत सिस्टम नाहीये. आत बाबा आहेत."

सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी बाजूची खुर्ची ओढली आणि लिफ्टमधल्या स्पीकरची लाइन पुन्हा उघडायचा प्रयत्न केला. ती उघडेना, कारण तक्रार नसलेल्या लिफ्टची लाइन उघडतच नाही. मग त्यांनी नवी तक्रार टाकली. ती परत आली. या लिफ्टमध्ये बिघाड नाही, असं उत्तर. पुन्हा टाकली, पुन्हा परत. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि एसी तर चालू होता. शेवटी त्यांनी मुख्य ऑफिसातल्या इंजिनिअरला फोन केला आणि लाइन तिकडून जबरदस्तीने उघडून द्या म्हणून विनवायला लागले. तिकडचा माणूसही तोच स्क्रीन बघत होता. त्यालाही सगळं हिरवंच दिसत होतं.

त्या वेळात माझ्या मनात काय काय आलं ते सांगायला अजूनही जीभ अडखळते. हे काम करून करून मला एक गोष्ट पक्की माहीत होती. अडकलेल्या माणसाला लिफ्ट सहसा काही करत नाही. माणूस घाबरतो, दार बोटांनी ओढून काढतो, समोर अर्धा मजला दिसतो, त्यावर उडी मारायला जातो, आणि लिफ्टच्या खाली जी मोकळी जागा असते तिच्यात जातो. असे फोन मी घेतलेले आहेत. नंतर तिथे जमलेल्या लोकांचे आवाज ऐकलेले आहेत. बाबांना मी सांगितलं होतं, दाराला हात लावू नका. पण जेवलेलं विसरणाऱ्या माणसाला ते किती वेळ लक्षात राहील? काळोखात, एकट्याने, आवाज बंद पडल्यावर? मी डोळे मिटले की त्यांची बोटं दिसायची, दाराच्या फटीत चाचपडणारी. म्हणून मी डोळे उघडे ठेवले आणि समोर तो हिरवा ठिपका होता.

वॉचमनला मी फोन चालू ठेवायला सांगितलं होतं. त्याला म्हटलं, जिना चढत जा आणि प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दाराला कान लाव. तो चढत होता, त्याचा दम लागलेला मला डाव्या कानात ऐकू येत होता. दुसऱ्या मजल्यावर काही नाही. तिसऱ्यावर काही नाही. हाका मारतोय, पण आजोबा बोलत नाहीत, असं तो म्हणाला.

मग उजव्या कानात खर्र झालं. मुख्य ऑफिसातून लाइन उघडून दिली होती.

"बाबा?"

काही नाही.

"बाबा, ऐकू येतंय का? मी बोलतेय."

पंख्याचा आवाज नाही, श्वास नाही. सरांनी आवाज वाढवला. मैत्रीण तिची जागा सोडून माझ्याजवळ आली. आमच्या लाइनवरचं सगळं बोलणं रेकॉर्ड होतं, आणि ऑफिसात मालवणीचा एक शब्द मी कधी काढला नव्हता. त्या दिवशी दुसरं काही सुचलंच नाही.

"बाबा, मी आसंय. बोलूक जमना नाय तर ठोका. पत्र्यार ठोका."

आणि मग टक. फार हळू. मला वाटलं भास झाला, पण सरांनी मान हलवली, त्यांनाही ऐकू आलं होतं. पुन्हा टक. टक टक. मी बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही. घावणे करूया म्हटलं, गावच्या घरामागच्या फणसाचं काहीतरी बोलले. मी थांबले की ते ठोकायचे थांबायचे, मी बोलले की पुन्हा ठोकायचे. वॉचमन म्हणाला, ऐकू येतंय, सहाव्या आणि सातव्याच्या मधे आहे.

टेक्निशियन पोचला. ब्रेक हाताने सोडून त्याने लिफ्ट इंचाइंचाने खाली आणली, तेव्हा ती केबल करकरताना मला हेडफोनमधून ऐकू येत होती. मला वाटत होतं, आता तुटेल. मग बरेच आवाज एकदम आले, दार सरकलं, आणि टेक्निशियन लिफ्टच्याच स्पीकरमध्ये म्हणाला, "मॅडम, काढले. ठीक आहेत."

मी हेडफोन काढला. मैत्रिणीने खाली उतरून रिक्षात बसवलं. जेव्हीएलआरवर गाड्या तुंबलेल्या होत्या. थंडी भरल्यासारखे माझे दात वाजत होते. रिक्षावाला आरशातून सारखा बघत होता.

घरी पोचले तर शेजारच्या काकूंनी बाबांना त्यांच्याकडे सोफ्यावर बसवलं होतं. हातात लिंबूपाण्याचा पेला. सदरा घामाने भिजून अंगाला चिकटलेला, उजव्या हाताची बोटं सोललेली. मला बघितल्याबरोबर त्यांनी पेला बाजूला ठेवला आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"सुटलंस?" त्यांनी विचारलं.

मला कळेना. म्हटलं, बाबा, तुम्ही सुटलात. ते मान हलवत राहिले.

"तू त्या पत्र्याच्या पाठसून बोलत होतंस. मी ठोकून ठोकून दमलंय, पण तू भायर येवक नाय. माका वाटला, तुका काय झाला तर मी तुझ्या आवशीक काय सांगू?"

काकू तोंडाला पदर लावून आत गेल्या. मी तिथेच जमिनीवर बसले. मी इथेच आहे, असं मी म्हटलं होतं. बाबांनी ते तसंच्या तसं धरलं. त्यांना स्वतःच्या अडकण्याचं काही नव्हतंच. मुलगी पत्र्यामागे अडकली आहे, दिसत नाही, आणि तिचा आवाज मधेच बंद पडतो, ही ती भीती होती. मी त्यांना परत परत सांगितलं की मी अंधेरीला होते, आवाज तारेतून, हवेतून येतो, फोनसारखा. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या अंगाला कुठे लागलंय का ते बघत राहिले.

बिघाड का झाला ते पुढे आम्हाला समजावण्यात आलं. वीज क्षणभर गेली, लिफ्टचा बोर्ड बंद होऊन पुन्हा सुरू झाला, आणि नव्याने सुरू झाल्यावर आपण तळमजल्यावर, दार उघडं ठेवून उभे आहोत असं त्याने गृहीत धरलं. डब्याने ते इमानाने आमच्याकडे पाठवलं. त्यात दुरुस्ती करण्यात आली. आता असं होणार नाही, असं सर म्हणाले. मी मान हलवली.

बाबांची भीती मात्र दुरुस्त होईना. त्यांना लिफ्टने नेऊ नये असं आम्हाला वाटत होतं, पण तेच जायला बघायचे. दुपारी खाली जाताना ते पिवळं बटण दाबायचे. नकाशावर आमची बिल्डिंग लाल व्हायची, लाइन उघडायची.

"बाय, बरी आसस मां?"

"बरी आहे, बाबा. तुम्ही खाली जा."

"जेवलंस?"

कधी लाइन मैत्रिणीकडे जायची, तेव्हा ते तिला विचारायचे, माझी मुलगी आत कुठे आहे? ती बिचारी हेडफोन काढून माझ्याकडे द्यायची. सिस्टम या तक्रारींपुढे "गैरवापर" लिहायला लागली. मग एक दिवस तिने त्या बटणाची तक्रार आपणहून मागे सरकवायला सुरुवात केली, कारण ते बटण रोज उगाचच दाबलं जातं हे ती शिकली होती. मला त्या दुपारइतकीच भीती तेव्हा वाटली. खरंच अडकले तर? मी सरांशी भांडले. नवऱ्याने सुट्ट्या काढून बाबांना जिन्याची सवय लावायचा प्रयत्न केला, पण नऊ मजले त्यांना कसे झेपणार.

पुढे कंपनीने ठरवलं की लिफ्टमध्ये पहिलं उत्तर माणसाने द्यायचं नाही, रेकॉर्ड केलेल्या आवाजाने द्यायचं. मराठी वाक्यांसाठी त्यांना आवाज हवा होता. सर म्हणाले, तुझा आवाज लोकांना धीर देतो, तूच कर. मी विचारलं, मी नोकरीत नसले तरी तो वाजत राहील? ते म्हणाले, हो, मग काय, कायमचा. मी रात्रभर जागी होते असं नाही, पण सकाळी उठल्यावर नाही म्हणायचं ठरलेलं होतं. मी गेल्यावरसुद्धा बाबा बटण दाबतील आणि आतून मी म्हणेन, आपण सुरक्षित आहात. ते पत्रा ठोकत राहतील. मी नाही म्हटलं. सरांना वाईट वाटलं. घाटकोपरच्या मैत्रिणीने केलं, आणि छान केलं.

ते सुरू झालं त्या आठवड्यात मी घरी आले तर बाबा दारातच उभे होते. हळू आवाजात विचारलं, "तुका थयसून काढल्यानी काय?"

मी विचारलं, कुठून?

"लिफ्टीतसून. आता दुसराच कोण बोलता."

हो म्हटलं. काढलं.

"बरा झाला," ते म्हणाले. किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसला. त्या रात्री दोन घावणे जास्त खाल्ले. त्यानंतर त्यांनी ते बटण दाबलेलं नाही. लिफ्टमध्ये शिरतात, बोलणाऱ्या बाईकडे लक्ष न देता खाली जातात, बागेत बसतात.

आमचा विभाग बंद झाला. मैत्रीण नोकरी सोडून गेली, तिचा आवाज राहिला. मला काचेपलीकडे औषधांच्या फ्रिजवर बसवलंय. हॉस्पिटलं, केमिस्ट, लसींची गोदामं. प्रत्येक फ्रिजचं तापमान भिंतीवर दिसतं. सगळं हिरवं असलं की मी फोनकडे हात नेते. मी एखाद्या गोदामात फोन करून सांगते, जरा उघडून हात घालून बघता का? तिथले लोक वैतागतात. नव्या सरांनी एकदा विचारलं, की ताई, तुम्ही सिस्टमवर विश्वास का ठेवत नाही? मी पुढच्या गोदामाला फोन लावला.

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टचा ठिपका आता माझ्या स्क्रीनवर नसतो. दुपारी डबा खाऊन झाला की मी वॉचमनला फोन लावते आणि आजोबा खाली आले का विचारते. तो म्हणतो, आले, बाकावर बसलेत. मी म्हणते, फोन त्यांच्याकडे दे. बाबा फोनवर येतात, मी काही बोलायच्या आत म्हणतात की मी बरो आसंय, तू काम कर, आणि फोन परत देऊन टाकतात.